लोह नसलेली काच

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मामांचं नाव शेवटच्या परिच्छेदात आहे. आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, ग्रंथालय, घरची मंडळी, आणि सगळ्यांच्या मागून 'प्रयोगशाळेतील सहकार्याबद्दल' मामा. क्रम रिवाजाला धरून होता. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मामांना तर मुळीच नाही. आपलं आडनाव नीट लिहिलंय ना एवढं त्यांनी बोट ठेवून तपासलं आणि विचारलं, "ताई, बाटल्यांचं कुठं लिवलंय?"

बाटल्यांचं 'साहित्य आणि पद्धती' या प्रकरणात होतं. एकच वाक्य: काचेची सर्व भांडी सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवण्यात आली व नंतर दुहेरी ऊर्ध्वपातित पाण्याने धुण्यात आली. शास्त्रीय लेखनाची शिस्त अशी की भांडी धुतली जातात, धुणारा कुठे दिसत नाही. त्या वाक्यातला माणूस कोण होता, आणि त्याच्यावाचून माझ्या प्रबंधातला एकही आकडा का उभा राहिला नसता, ते आता सांगते.

आमच्या विभागाकडे बर्न्स वॉर्डातून नमुने यायचे. भाजलेल्या जखमेवरची पट्टी सोडवली की कधी कधी तिच्यावर हिरवट-निळी झाक दिसते, गोडसर वास येतो, आणि वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच सांगतात: स्यूडोमोनास. या जिवाणूला माणसाच्या अंगात लोह कुठून मिळतं, हा माझा विषय होता. प्रश्न ऐकायला सोपा. माणसाच्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतं. जंतूला लागतं ते नगण्य. मग अडचण कसली?

अडचण अशी की या लोहातला एक कणही मोकळा नसतो. जवळजवळ दोन तृतीयांश लोह तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेलं असतं. बरंचसं यकृतात आणि इतरत्र फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवलेलं असतं. रक्तद्रवातून जे थोडं इकडून तिकडे जातं, ते ट्रान्सफेरिन हे प्रथिन धरून नेतं. ट्रान्सफेरिनच्या एका रेणूत लोहाचे दोन अणू मावतात आणि निरोगी माणसात त्यातल्या साधारण एक तृतीयांशच जागा भरलेल्या असतात, म्हणजे चुकून कुठे एखादा अणू सुटलाच तर त्याला धरायला रिकाम्या जागा तयारच. या पकडीच्या गणितातून रक्तद्रवातल्या मोकळ्या लोहाचं प्रमाण निघतं दहाचा उणे चोविसावा घात मोलर. अ‍ॅव्होगॅड्रोच्या संख्येने गुणलं तर दर लिटरमागे एक अणूसुद्धा पुरता भरत नाही. बहुतेक जिवाणूंना वाढायला लागतं सुमारे दहाचा उणे सहावा घात. शरीर जंतूला उपाशी ठेवतं ते असं. हाही प्रतिकारच, फक्त त्यात ताप नाही, पू नाही, त्यामुळे तो दिसत नाही.

हे पहिल्यांदा लक्षात आलं अंड्याच्या पांढऱ्यात. १९४४ साली आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन यांनी पाहिलं की कच्च्या पांढऱ्यात आमांशाचा शिगेला जंतू वाढत नाही. पांढऱ्यात काही विषारी असेल अशी शंका कुणालाही आली असती. त्यांनी त्यात एकेक पोषक द्रव्य घालून पाहिलं, आणि लोह घातल्याबरोबर जंतू वाढू लागला. पांढऱ्यात विष नव्हतं. लोह बांधून ठेवणारं प्रथिन होतं. दोन वर्षांनी त्यांनीच माणसाच्या रक्तद्रवातही तसा घटक असल्याचं दाखवलं. तेच ट्रान्सफेरिन.

माझ्या मार्गदर्शक मॅडम हा प्रयोग शिकवताना एका गोष्टीवर फार जोर द्यायच्या. शेड आणि कॅरोलाइन यांना उत्तर सापडलं ते काय आहे हे शोधून नव्हे, काय नाही हे शोधून. आणि लगेच पुढे म्हणायच्या, "पण 'नाही' दाखवायचं असेल तर आधी ते खरंच नसलं पाहिजे. जा, मामांना भेट."

मामा कागदोपत्री प्रयोगशाळा परिचर. सातवी पास, गाव शहरापासून तासाभरावर, रोज एस.टी.ने येणं-जाणं. विभागात ते आले तेव्हा काम झाडलोट आणि काचसामान धुणं एवढंच होतं. मॅडमनी लोहाच्या कामाला हात घातला आणि त्या साध्या धुण्याचा दर्जा एकदम बदलला. लोह सगळीकडे असतं. नळाच्या पाण्यात, हवेतल्या धुळीत, स्टीलच्या चमच्यावर, ओव्हनच्या गंजक्या जाळीवर, खुद्द काचेच्या पृष्ठभागाला चिकटलेलं. आमच्याकडे तर उन्हाळ्यात बोअरचं पाणी यायचं आणि बेसिनमध्ये तांबूस ओघळ उमटायचे. अशा ठिकाणी लोह नसलेला फ्लास्क हवा होता.

मॅडमनी त्यांना एक चाचणी शिकवली होती. धुतलेल्या भांड्यात थोडं शुद्ध आम्ल फिरवायचं आणि त्यात पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब टाकायचे. लोह असेल तर लाली येते. फार थोडं असेल तर फिकट गुलाबी झाक. मामा प्रत्येक घाण्यातला एक फ्लास्क असा तपासत आणि गुलाबी दिसला की सगळा घाणा परत आम्लात. याला ते 'लाजतंय' म्हणत. "ताई, आजचा लॉट लाजतोय. उद्या मिळंल." माझी कल्चर्स तयार असत, वेळापत्रक आखलेलं असे, पण लाजणारा लॉट मामांच्या हातून सुटत नसे.

एकदा भांडारातून स्वस्तातलं आम्ल आलं. मामांनी बाटली उजेडात धरली आणि बूच न उघडता परत पाठवली. कारण विचारलं तर म्हणाले, "पिवळं हाय. ही पिवळाई लोखंडाचीच." बरोबर होतं. बाजारातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाला पिवळेपणा येतो तो बहुधा त्यातल्या लोहानेच. ज्या आम्लाने लोह काढायचं, त्यातच लोह असेल तर धुण्याला अर्थ काय? भांडारवाल्याला हे पटवायला कागद रंगवावे लागले, ते मॅडमनी रंगवले. पण बाटली परत पाठवायची हिंमत मामांची.

आम्लातून काढलेल्या भांड्याला नळाच्या पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी भरपूर हवं. आमचं काचेचं डिस्टिलेशन युनिट विजेवर चालायचं आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक बदलत राहायचं. मामा त्या वेळापत्रकावर आपली एस.टी. बेतत. सकाळी वीज असेल तर पहिल्या गाडीने येऊन युनिट लावत. भांडी सुकवायची ती ओव्हनमध्ये नाही, तर प्लॅस्टिकच्या कागदावर पालथी घालून. वर फिल्टर पेपर. त्या टेबलाजवळ कुणी स्टीलचा डबा उघडलेला त्यांना चालत नसे. आम्ही पोरंपोरी हसायचो, पण डबा उचलून बाहेर जायचो.

या सगळ्या खटाटोपाचं फळ दिसायचं ते अंधारात. स्यूडोमोनासला लोहाचा तुटवडा जाणवला की तो पायोव्हर्डिन नावाचं द्रव्य बनवून बाहेर सोडतो. हे द्रव्य परिसरातलं लोह घट्ट पकडतं, ट्रान्सफेरिनच्या हातातूनसुद्धा ओढून घेतं, आणि लोहासकट जिवाणूच्या अंगावरच्या ठरावीक दारातून आत जातं. अशा लोहग्राही रेणूंना सिडेरोफोर म्हणतात. पायोव्हर्डिनची खुबी अशी की लोह न मिळालेल्या अवस्थेत ते अतिनील दिव्याखाली पिवळ्या-हिरव्या रंगात चमकतं. लोह मुबलक असेल तर जिवाणू ते बनवण्याचा खर्चच करत नाही. पेशीत लोह पुरेसं झालं की फर नावाचं एक प्रथिन ते लोह अंगावर घेऊन संबंधित जनुकांवर बसतं आणि कारखाना बंद करतं.

म्हणून रात्रभर हलवलेले फ्लास्क सकाळी दिव्याखाली ठेवले की माझ्या जिवाणूंआधी मामांच्या धुण्याचा निकाल लागायचा. स्वच्छ फ्लास्कमध्ये वाढ बेताची, पण द्रव झगझगीत. कुठे लोह राहिलं असेल तर वाढ गच्च आणि द्रव मंद. हे मामांच्या फार लवकर ध्यानात आलं. दिव्याच्या खोलीत ते माझ्या मागे उभे राहत आणि एखादा फ्लास्क मंद दिसला की मी काही बोलण्याआधी त्याच्या गळ्यावरचा नंबर वाचून जात. तो फ्लास्क पुन्हा मला कधी मिळत नसे. त्यात ते फक्त चहाचं पाणी मोजत, असा त्यांचा दावा होता.

१९८७ साली श्विन आणि नीलँड्स यांनी सिडेरोफोर ओळखायची एक सर्वसाधारण रासायनिक कसोटी प्रसिद्ध केली. त्या निबंधाची झेरॉक्स आमच्या विभागात इतक्या हातांतून गेली होती की घड्यांवर अक्षरं पुसली होती. जे. बी. नीलँड्स हे बर्कलेचे. १९५२ साली त्यांनी एका काणीच्या बुरशीतून फेरिक्रोम वेगळं केलं, आणि पुढे आयुष्यभर सूक्ष्मजीव लोह कसं मिळवतात याच विषयात राहिले. कसोटी अशी: क्रोम अझुरोल एस या रंगद्रव्याशी लोह जोडलेलं असलं की अगार गडद निळा दिसतो. जिवाणूने त्यातलं लोह ओढून घेतलं की वसाहतीभोवती नारिंगी वलय उमटतं. हा निळा रंग साधणं कर्मकठीण. घटक वेगवेगळे बनवून, संथ हाताने, न फेसाळता एकत्र करावे लागतात. कुठे बिघडलं की निळ्याऐवजी हिरवट काहीतरी तयार होतं. मामांनी धुतलेल्या काचेत तो निळा जमला. शेजारच्या विद्यापीठातली मुलंसुद्धा मग रिकाम्या बाटल्या आमच्याकडे धुवायला आणू लागली. महाराष्ट्रात या विषयाला तेव्हा चांगली ओल होती. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात चिंचोळकर सरांचा गट मातीतल्या आणि पिकांच्या मुळांशी राहणाऱ्या जिवाणूंच्या सिडेरोफोरवर काम करत होता.

काम करता करता मॅडम बाकीच्या जंतूंची रीत सांगत. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांचं एंटेरोबॅक्टिन १९७० साली बर्कलेत आणि ऑस्ट्रेलियात स्वतंत्रपणे सापडलं. लोहावरची त्याची पकड निसर्गात माहीत असलेल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक आहे. मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस आणि परम्याचा गोनोकोकस सिडेरोफोर बनवतच नाहीत. ते माणसाचं ट्रान्सफेरिन थेट अंगावर पकडून त्यातलं लोह काढून घेतात, आणि त्यांची ही पकड माणसाच्याच ट्रान्सफेरिनपुरती नेमकी बसते. स्टॅफिलोकोकस तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिनमधलं हीम पळवतो. शरीरही गप्प बसत नाही. लिपोकॅलिन-२ हे प्रथिन एंटेरोबॅक्टिनला वाटेतच गिळतं, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झालं. त्यावर साल्मोनेलाने एंटेरोबॅक्टिनला साखरेचे रेणू जोडले आहेत, म्हणजे ते लिपोकॅलिनच्या खोबणीत बसू नये. चढाओढ चालूच आहे.

आमचा स्यूडोमोनास या चढाओढीत पायोव्हर्डिनवर किती अवलंबून असतो, याचं उत्तर १९९६ साली आलं. भाजलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत पायोव्हर्डिन न बनवू शकणारे जिवाणू फारसे घातक ठरले नाहीत. तो निबंध हाती आला तेव्हा मी मामांना सांगितलं की आपल्या हिरव्या चमकेचा आणि बर्न्स वॉर्डातल्या माणसांचा थेट संबंध आहे. मामा विचार करून म्हणाले, "मंग ताई, आमच्या सूनबाईला दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्यात. त्या जंतू खाईल की!"

विभागातल्या कुणीही विचारला नव्हता असा तो प्रश्न होता. मॅडमनी तो हसण्यावारी नेला नाही. त्यांनी मामांना बसवून सांगितलं की गरोदर बाईच्या अंगात रक्त कमी असणं हाच मोठा धोका, गोळ्या अजिबात थांबवायच्या नाहीत. गोळीतलं लोह शरीर मोकळं सोडत नाही, जागच्या जागी बांधतं. धोका येतो तो बांधायच्या जागाच भरून गेल्या की. मग त्यांनी प्लेगची गोष्ट सांगितली. १९५६ साली जॅक्सन आणि बरोज यांनी दाखवलं होतं की प्लेगच्या जंतूचा एक निस्तेज झालेला वाण उंदरांना काही करत नाही, पण सोबत लोह टोचलं की तोच मारक होतो. पुष्कळ वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेत अशाच निरुपद्रवी मानल्या गेलेल्या वाणावर काम करणाऱ्या एका संशोधकाचा प्लेगने मृत्यू झाला. त्याला अंगात लोह साचत जाणारा आनुवंशिक विकार होता, हे मृत्यूनंतर कळलं. आणि २००६ साली झांझिबारच्या पेंबा बेटावरच्या मोठ्या चाचणीत, हिवतापाच्या प्रदेशात, लोह आणि फॉलिक आम्ल दिलेल्या लहान मुलांमध्ये इस्पितळात दाखल होण्याचं आणि मृत्यूंचं प्रमाण वाढलेलं दिसल्यावर त्या गोळ्या देणं थांबवावं लागलं. तिथे जंतू वेगळा, पण प्रश्न मामांचाच. हे दोन्ही वाचताना मला मामा आठवले. तोवर ते निवृत्त झाले होते.

सिडेरोफोरच्या वाङ्मयात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १९१२ चा एक निबंध. गुराढोरांना चिवट जुलाब लावून वाळवणारा एक मायकोबॅक्टेरियम प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नव्हता. ट्वॉर्ट आणि इनग्रॅम यांनी माध्यमात दुसऱ्या मायकोबॅक्टेरियमच्या मेलेल्या पेशी घातल्या आणि तो वाढला. त्या मेलेल्या पेशींतलं नेमकं द्रव्य १९४९ साली वेगळं करण्यात आलं: मायकोबॅक्टिन, एक सिडेरोफोर. गुरांचा तो जंतू प्रयोगशाळेत आजही दुसऱ्याच्या मायकोबॅक्टिनवरच जगवतात. स्यूडोमोनासमध्येही असे दुसऱ्याच्या सिडेरोफोरवर जगणारे निघतात. पायोव्हर्डिन एकदा बाहेर सोडलं की ते ज्याचं त्याचं राहत नाही. शेजारचा कुणीही त्यावर बसलेलं लोह आत घेऊ शकतो. त्यामुळे स्वतः काही न बनवणारे जिवाणू गर्दीत मजेत वाढतात, वर्गणी न देता पंगतीला बसणाऱ्यांसारखे. २००४ साली या फुकट्यांवर झालेल्या प्रयोगांनी सहकार्याच्या उत्क्रांतीच्या चर्चेला नवं वळण दिलं.

जिवाणूंना नीती चिकटवू नये, असं मॅडम बजावत, आणि ते खरंच आहे. पण दुसऱ्याने सोडलेल्यावर जगणारे फक्त जिवाणू नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना सतत रक्त चढवावं लागतं, त्यातलं लोह हृदयात, यकृतात साचतं. ते काढायला अनेक वर्षं जे औषध रात्रभर पंपाने त्वचेखाली दिलं गेलं, ते डेस्फेरिऑक्सामिन म्हणजे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस पिलोससचं सिडेरोफोर. मातीतल्या जिवाणूने स्वतःसाठी बनवलेल्या रेणूवर कितीतरी मुलं मोठी झाली. त्यातही एक खाच आहे: येर्सिनिया एंटेरोकोलिटिकासारखा जंतू हेच औषध लोहासकट आत ओढतो, म्हणून अशा मुलांच्या तापाकडे डॉक्टर जास्त लक्ष देतात. आणि अलीकडे, २०१९ साली, अमेरिकेत मान्यता मिळालेलं सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक लोह पकडून जिवाणूच्या त्याच दारातून आत शिरतं. लोहाच्या भुकेपोटी उघडलेलं दार आता स्यूडोमोनासवर उलटवलं आहे.

माझ्या प्रबंधातले आलेख आता जुने झाले. त्यातले बरेचसे पुढे इतरांनी अधिक नेमके काढले. पण ते जेव्हा काढले तेव्हा खरे होते, आणि खरे होते ते दोन कारणांनी: मॅडमनी प्रश्न नीट विचारायला शिकवलं, आणि मामांनी मला असं भांडं दिलं ज्यात जिवाणूला खरोखरच उपाशी राहावं लागलं. पहिल्या कारणाला प्रबंधात मानाचं पान मिळतं. दुसरं दिसत नाही, कारण त्याचं सगळं यश कशाचा तरी मागमूस न ठेवण्यात आहे. आलेखावरच्या प्रत्येक बिंदूखाली मामांनी काढून टाकलेलं लोह आहे, आणि काढून टाकलेलं कुठल्याच अक्षावर मांडता येत नाही.

मामा निवृत्त झाले त्या वर्षी विभागात एकदाच वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि डिशेस सरसकट येऊ लागल्या. परिचराची जागा नंतर भरली नाही. मीच आता विद्यार्थ्यांची मॅडम आहे. कसोटीचा निळा हिरवट पडला, सिडेरोफोर असायला हवं तिथे काहीच चमकलं नाही, की मुलं जनुकं तपासायची परवानगी मागायला येतात; त्यांना वाटतं जिवाणूतच उत्परिवर्तन झालंय. असेलही. पण सिक्वेन्सिंगच्या खर्चाचा कागद पुढे आला की मी सही करण्याआधी विचारते, "भांडं कुणी धुतलं?"

मागच्या वर्षी एकीने "मीच, मॅडम" म्हणून सांगितलं आणि थायोसायनेटची बाटली माझ्यापुढे धरली. "दोनदा लाजलं होतं, तिसऱ्यांदा स्वच्छ." तिने मामांना कधी पाहिलेलं नाही. मी तिच्या कागदावर सही केली.